मामंजी बागेत काय ऐकत बसायचे

लग्न होऊन मी दुधनीहून सोलापुरात आले, तेव्हा सासऱ्यांची मला फार भीती वाटायची. त्यांना मी मामंजी म्हणत असे. ते कापडगिरणीत मागावर कामाला होते. घरी नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी चाळीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, काही सांगायला गेल्या तर बहुतेक वेळा ते मान वळवून बघतसुद्धा नसत.

"आपल्या बोलन्याला हितं किंमतच न्हाई की," भाकरी थापता थापता त्या पुटपुटायच्या.

गिरणी सुटली की मामंजी घरी येत, हातपाय धूत, पटका नीट बांधत आणि लगेच बाहेर पडत. येत ते एकदम दिवेलागणीला. कुठं जातात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंना वाटलं, गुत्त्यात जात असतील. ते जेवायला बसले की त्या वाढायच्या निमित्तानं वाकून वास घ्यायच्या. दारूचा वास कधी आला नाही. एकदा धोतराला गवताच्या काड्या मात्र सापडल्या. त्यानं तर त्या आणखीच अस्वस्थ झाल्या.

एका संध्याकाळी मामंजी बाहेर पडल्यावर आत्याबाईंनी माझा हात धरला. "चल गं, बगू तरी कुटं जात्यात."

डोक्यावरून पदर घेऊन आम्ही मागोमाग निघालो. बाजारात टांगेवाल्यांचा ओरडा चालला होता. विणकरांच्या गल्लीत तेलुगू बायका रंगवून वाळत घातलेलं सूत बांबूवरून काढत होत्या. मामंजी कुठंही न थांबता थेट किल्ल्याकडं गेले आणि तटाखालच्या बागेत शिरले.

आत्याबाई फाटकाशीच थबकल्या. उभा जन्म या गावात गेला, पण त्या कधी आत गेल्या नव्हत्या. "सायबाची बाग हाय ती. आपल्याला सोडतील व्हय?"

"मामंजींना सोडलं की," मी म्हटलं.

आत शिरलो आणि मागचा सगळा गलबला एकाएकी तुटला. एका बाजूला खंदक, त्यापलीकडं काळा जाड तट, मधे जुनी कडुलिंबाची झाडं. माळी रोपांना पाणी घालत होता. मामंजी दगडी बाकावर बसले होते. मान वर, तोंड किंचित उघडं. आधी त्यांनी उजवा कान तळहातानं दाबला, मग तो सोडून डावा दाबला. पुन्हा तसंच. मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला.

आत्याबाई तरातरा त्यांच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. "अवो!"

काही नाही.

"अवो!" आता माळ्यानं वळून पाहिलं. लिंबावरचा राघूंचा थवा भर्रकन उडाला. पाखरं उडालेली दिसली तेव्हा कुठं मामंजींनी मागं पाहिलं.

"तू हितं कशी?" ते नेहमीसारखेच ओरडले.

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता गेला. त्या पुढं होऊन त्यांच्या कानाशी वाकल्या. "तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

मामंजींनी खाली पाहिलं. "डाव्या कानानं न्हाईच येत. उजव्यानं थोडं येतंय. मागाच्या खडखडाटानं गेलं. हितं राघू वरडत्यात, तेवडं ऐकून बघतो रोज. निवांत बसलं तर सुधारंल, वाटलं."

"मग घरात सांगायचं की!"

"मागावरनं काढतील ही भीती. म्हनून कुनालाच न्हाई सांगितलं."

"आन् मी समजत हुते, तुमी माज्यावर रागावलायसा."

"तुज्यावर?" मामंजी खरोखरच चकित झाले. "का? भाकरी तर चांगली करतीस की!"

त्यावर आत्याबाई इतक्या हसल्या, की त्यांना बाकावर बसावंच लागलं. बसल्या त्या नेमक्या डाव्या बाजूला. मामंजींनी बोटानं खुणावलं, तशा उठून उजवीकडं गेल्या. मग त्यांच्या कानात त्या किती वेळ बोलत होत्या! काय काय साठलं होतं कोण जाणे. मामंजी "व्हय, व्हय" करत होते, मधेच हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

डावा कान काही सुधारला नाही, पण उजव्यानं साथ दिली आणि मामंजी पुढं बरीच वर्षं मागावर राहिले. आत्याबाई आता रोज त्यांच्याबरोबर बागेत जाऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी भाजलेल्या शेंगा बांधून घेई आणि आम्ही सगळेच जात असू. घरात माणसांच्या गर्दीत माझ्या यजमानांना नि मला दोन शब्द बोलायची सोय नव्हती. बागेत वडीलमाणसं एका बाकावर आपल्या गप्पांत रंगलेली असत, त्यांचं आमच्याकडं लक्ष नसे. मग यजमान हळूच म्हणत, "तिकडं सावली बरी आहे," आणि आम्ही उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसायचो.