अनुकंपा नावाचा खेळ

नातीनं खेळ बनवला, त्यात तिचा आजोबा पहिल्याच पत्त्यात मेलेला होता. "रेल्वेत असताना वारला. मागं बायको, दोन मुलं. जागा एक." एवढंच त्यावर लिहिलेलं. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. मी म्हटलं, "काविळीनं मेला असं लिही. नाही तर लोकायले वाटन दारूनं मेला." ती म्हणाली, गेममध्ये कारण लागत नाही.

हे खेळ लुडोसारखे नसतात. टेबलाभोवती माणसं बसतात, एकेक पत्ता ओढतात आणि ज्याचा पत्ता येईल त्याचं सोंग घेऊन बोलतात. अशा खेळांना दरवर्षी एका मोठ्या शहरात बक्षिसं देतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिनं आधी दोनदा खेळ पाठवले होते, राजांचे आणि राक्षसांचे. कोणी विचारलं नाही. मग कोणीतरी तिला सांगितलं, तुझ्या घरचं काही असेल ते कर.

आमच्या घरचं असं. नवरा रेल्वेत होता, नोकरीत असतानाच गेला. अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपेवर घेतात, आणि कोणाला ते बायको सांगते. मी मोठ्याचं नाव दिलं. तो बारावी नापास, आणि त्याचं लग्न ठरत आलेलं. धाकट्याचं आयटीआय झालं होतं, फिटरचं. सगळे म्हणाले, ह्याला तर इथल्या स्टील प्लांटमध्ये कधीही घेतील. पक्की भरती आटत चालली होती, ते आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. आज मोठा रेल्वेत आहे. हुडको कॉलनीतलं हे घर त्यानं घेतलं, मी त्याच्याकडे राहते. धाकटाही प्लांटमध्ये जातो, पण ठेक्यावर. ठेकेदार बदलला की गेट पास नवा, माणूस तोच. मोठ्याच्या घरचं पाणी तो पीत नाही. तेव्हा कधी आला तर मला भेटायचा आणि उभ्याउभ्या निघून जायचा.

नात मोठ्याची मुलगी, इथल्या हिंदी शाळेत शिकलेली. खेळ तयार झाल्यावर ती म्हणाली, "काका नको म्हणाला तर मी पाठवणार नाही."

तिचा बाप म्हणाला, "तो कोण लागून गेला? इतकी मेहनत केली, आता त्याले विचारत बसतं काय?"

"कहानी उसी की है, बाबा."

धाकट्याला बोलावलं. त्यानं पत्ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. म्हणाला, "आधी खेळू दे. न खेळता कसं सांगू, पाठव का नको?"

रविवारी दुपारी बसलो. नात वेल्फेअर इन्स्पेक्टर झाली, म्हणजे चौकशीला घरी येतो तो रेल्वेचा माणूस. आम्ही तिघांनी पत्ते ओढले. मला मोठा मुलगा आला. मोठ्याला धाकटा आला. धाकट्याला आई आली. त्यानं खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला.

"काका, सीरियसली खेलो ना."

"सीरियसच आहो, साहेब. विधवा बाई आहो मी."

आधी घरच्यांनी बोलायचं, मग इन्स्पेक्टर येतो, असा नियम. मोठ्यानं सुरुवात केली. "माय, जागा दादाले दे. माझं आयटीआय झालं आहे, मी कुठंही लागतो."

"असं नव्हता म्हणला तो," धाकटा म्हणाला. "त्याले कोणी विचारलंच नव्हतं. तो तेरवीच्या खुर्च्या टेंटवाल्याले वापस करायले गेला होता."

"मग मी काय बोलू?"

"काही नको बोलू. खुर्च्या उचल."

मग माझी पाळी. मी म्हटलं, "मले लगन करायचं आहे, मले द्या." नात हसली. बाकी कोणी हसलं नाही. मोठा टेबलाकडे पाहत होता.

मग नातीनं इन्स्पेक्टर होऊन विचारलं, "तर बाई, कोणाचं नाव लिहू?"

"माझंच लिहा," धाकटा म्हणाला. "मीच करतो नोकरी."

"काका, वो रूल में नहीं है. आई फक्त नाव देते. बडा या छोटा."

"तुह्या रूलमध्ये नसन. रेल्वेच्या रूलमध्ये आहे. पहिला हक्क बायकोचा." त्यानं रुमाल काढला आणि माझ्याकडे वळला. "तुले विचारलं होतं ना त्यानं?"

विचारलं होतं. इन्स्पेक्टरनं पहिला प्रश्न तोच केला होता, बाई, तुम्ही स्वतः करता का. रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून बायका लागत, त्यातल्या किती तरी माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या. मी तोंड उघडायच्या आत नागपूरहून आलेला माझा भाऊ दारातून म्हणाला, "ती काय करन? तिले सही येत नाही धड." सही मला येत होती. इन्स्पेक्टर पुढच्या प्रश्नावर गेला. तोवर धाकटा खुर्च्या देऊन घरात आला होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"कावून नाही केली तू?" त्यानं विचारलं. "तू रिटायर होईपर्यंत आमी दोघं आपापलं पाहून घेतलं असतं. सारखे तरी राहिलो असतो."

"सारखे उपाशी," मोठा म्हणाला.

"चालते. पण सारखे."

मोठा उठून आत गेला. मला नोकरी करायची होती की नव्हती, हे आजही सांगता येत नाही. माझं मलाच विचारायची सवय नव्हती. रडायलाही आलं नाही. मांडीवरचा मोठ्या मुलाचा पत्ता मी नातीला परत दिला.

ती कागदावर काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, पाठवू?"

"पाठव. माझं काय जाऊन राहिलं?"

मी भात-वरण, मटण करून ठेवलं होतं. तो न जेवता गेला. पाणीही नाही.

नातीनं आईच्या पत्त्यावर तिसरी ओळ घातली, नोकरी स्वतः करणे. त्या वर्षी बक्षीस तिलाच मिळालं. आणायला ती बापाच्या रेल्वे पासवर गेली. तिकडच्या लोकांनी स्टेजवरून सांगितलं म्हणे, की आईचा तो पत्ता आला आणि खेळ बदलला. हिनं माइकवर काकाचे आभार मानले. काका तेव्हा बी शिफ्टमध्ये होता. नंतर तिनं बक्षिसात मिळालेला लाकडाचा मोठा फासा त्याच्या खोलीवर नेऊन दाखवला. त्यानं हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "लोखंडाचा असता तर भंगारात गेला असता." परत दिला.

तेव्हापासून तो माझ्याकडेही येत नाही. मोबाइलवर बोलतो. जेवली काय विचारतो, मी जेवले म्हणते.

आता तो खेळ कुठल्या कुठल्या गावी लोक विकत घेऊन खेळतात. परवा नात मोबाइलवर वाचून सांगत होती. आईचा पत्ता येतो त्यातले बहुतेक जण नोकरी स्वतःच घेतात. पुरुषसुद्धा.

"मग त्या पोरायचं काय होते?" मी विचारलं.

"गेम वहीं खतम होता है, आजी."

"पुढचं मी सांगू काय?"

तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली. मी धाकट्यापासून सुरुवात केली. त्याची बायको का सोडून गेली, एवढ्यावर आले होते, तेवढ्यात आतून मोठ्याचा आवाज आला, "माय, बस झालं आता."

मी बोलणं थांबवलं. घर त्याचं आहे.