हलता काटा

पर्पेंड हे इंग्रजी क्रियापद मला परवा भेटलं. नांदेडच्या कॉलेजात पेपर तपासून वैतागले होते, म्हणून जाडा शब्दकोश चाळत बसले. अर्थ दिला होता, नीट विचार करणे. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मूळ लॅटिन, अर्थ पुरतं तोलणे. मी एकटीच हसत सुटले, कारण माझे बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्यांची पोती तोलण्यात त्यांची हयात गेली.

मला डॉक्टर करायचं म्हणून बारावीला त्यांनी मला लातूरला शिकवणीला ठेवलं होतं. दिवाळीआधी मी एसटीने घरी आले आणि चपला काढता काढताच सांगून टाकलं, "बाबा, मला न्हाई व्हायचं डॉक्टर. मला इंग्रजी शिकायचंय."

मी मुळात उतावळी. हो की नाही, ते तिथल्या तिथे हवं होतं. बाबा म्हणाले, "आधी जेव."

मग तीन दिवस चकार शब्द नाही. ते रागावलेत असं धरून मीही अबोला धरला. चौथ्या दिवशी मोंढ्यात डबा द्यायला गेले आणि तिथेच तडकले, "बाबा, शिव्या द्या, पण कायतरी बोला!"

ते तुरीचं पोतं चढवत होते. "काटा हालून राहिला की अजून. हालत्या काट्यावर मी कुणाचंच माप सांगत न्हाई. तुझं तर लई जपून सांगावं लागंल."

एवढे दिवस ते माझाच विचार करत होते! मला लाज वाटली. मी निमूट बाजूला उभी राहिले.

तो माल संपला, नवा ढीग लागला. आमच्याकडे मोजणी 'एक'पासून सुरू होत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. पहिलं पोतं चढलं, काटा थांबला. बाबांनी पोत्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!" दुसऱ्या दिवशी लातूरहून माझं सामान आणायला ते स्वतःच गेले.

शब्दकोश मिटला आणि बाबांना फोन लावला. शब्दाचं मूळ सांगितलं.

"म्हंजी त्यांच्यातबी मापाडी व्हते," ते खूश झाले.

"बाबा, तेव्हा तीन दिवस काय तोलत होतात?"

"एका पारड्यात तू, एका पारड्यात माझं सपान. तू पयल्याच दिशी जड भरलीस, बाई. सपान उतरवायला तीन दिस लागले."