मेलेला रोटर

हे लिहायला मी फार उशीर केला आहे. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. पेणला आमचं गॅरेज आहे... गाडी बंद पडली तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढंच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकवलं.

आबांची एक जुनी अँबॅसिडर होती. ती घेऊन ते रोह्याला माझ्या बहिणीकडे जायचे. पण डोळे अधू झाले होते. एकदा निडीजवळ मोळी घेऊन चाललेल्या एका बाईला गाडी घासली. ती पडली, सुदैवाने वाचली. आबा घरी येऊन म्हणाले, "तीच मधे आली." आता चालवू नका, हे त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून गाडी सुरूच होऊ नये यासाठी मी गुपचूप रोटर बदलला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – जुन्या पेट्रोल गाडीत पॉइंट उघडले की कॉइलमधून जोराचा करंट सुटतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणारा रोटर तो एकेका प्लगला वाटतो. रोटर आतून फुटला की करंट मधेच बॉडीत उतरतो, प्लगपर्यंत जातच नाही. वरून मात्र तो अगदी धड दिसतो. गॅरेजवाले जुने पार्ट टाकत नाहीत. आमच्या डब्यात असे मेलेले रोटर पडून होते, त्यातला एक मी बसवला.

मग आबा रोज दुपारी बॉनेट उघडून उभे. पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला, कॉइल बदलली. आई ओरडायची, "जेवून घ्या आधी, ती काय पळून जात नाय."

"पळत नाय तेच तर बघतोय ना गो," आबा म्हणायचे.

एक दिवस मला म्हणाले, "रोटर तू बघ रे. मला ठिणगी दिसत नाय आता."

मी टोपी काढली आणि त्यांच्यासमोर रोटर बदलला. डब्यातलाच दुसरा लावला... तोही मेलेला. त्यांनी किल्ली फिरवून पाहिली. नाही.

फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "म्हणजे गाडीत काय नाय. माझाच हात गेला."

मी टोपीच्या क्लिपा लावल्या. त्यानंतर त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

काही महिन्यांनी रोह्याचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. वरातींसाठी हवी होती. मी नवी बॅटरी जोडली आणि चांगला रोटर आणायला आत वळलो, तेवढ्यात त्यांनी सहज किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली... आबांनी लावून ठेवलेल्या त्या हळू, एकसारख्या आवाजात.

"बंद हाय म्हणालात ना?" ते हसले. "विकायची हाय की ठेवायची, ते ठरवा आधी."

मी इंजिन बंद करून टोपी काढली. आबांसमोर लावलेला तोच रोटर, मेलेला म्हणून मी कानशीने खूण केलेला. कॉइलची वायर त्याच्यावर धरून पाहिली – ठिणगी कडकन रोटरमध्ये उतरली. म्हणजे मेलेलाच. टोपी बसवून पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा सुरू. तशीच ती नागोठण्यावरून रोह्यापर्यंत गेली, मी शेजारी बसून. एकदाही अडखळली नाही. तिथे चांगला रोटर बसवून दिला आणि हा परत आणला. इथे तो कुठल्याही गाडीत लावा, गाडी सुरू होत नाही.

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, ऊन होतं, रोटरच्या आतल्या तड्यातली ओल सुकली असेल. असेल. मला पटलेलं नाही, आणि दुसरं कारणही इतक्या दिवसांत सापडलेलं नाही.

आईला परवा सगळं सांगितलं. गाडीबद्दल तिने काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हणून शेवटी शेवटी सदऱ्याची बटणंपण मला लावायला सांगायचे. माझ्या हाताचा भरवसा नाय, म्हणायचे."