बुंदीच्या चार दाण्यांची तक्रार

तक्रार कशी लिहायची हे मला कोणी शिकवायला नको होतं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर माझी निम्मी नोकरी गेली. ड्रेनेज तुंबलंय, रस्त्यावरचा दिवा लागत नाही, शेजाऱ्याने जिन्यात चपलांचं कपाट ठेवलंय, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. त्यातल्या कितीतरी जणांना उत्तरही मीच टाइप केलेलं: 'तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' माणसं ते पत्र घेऊन तणतणत टेबलाशी यायची आणि मी मान वर न करता म्हणायची, अहो, नियमाप्रमाणेच आहे सगळं.

घरी आई आणि मी, बिबवेवाडीत दोन खोल्यांत. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नये. भाऊ सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेत. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि आठवडाभर साठवलेलं हसू आई त्या दहा मिनिटांत संपवून टाकायची. मला हेवा वाटायचा, पण सातासमुद्रापलीकडच्या माणसाचा हेवा करून करून किती करणार? त्याने शुगर मोजायचं यंत्र पाठवलं होतं. बोट टोचायचं काम अर्थातच माझ्याकडे. साखरेचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला होता. पंचाहत्तरीच्या दिवशी आईने विचारलं, अर्धा लाडू चालेल का गं, तेव्हा मी लॅबचा रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला आणि घडी घालून मला परत दिला. शिस्त म्हणजे शिस्त, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्याच सुमारास आमच्या भागात ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र सुरू झालं. हॉल महापालिकेचा, चालवायला एक संस्था. मी ऑफिसात असताना आई एकटी राहू नये म्हणून मीच तिचं नाव घातलं. म्हणजे पायावर धोंडा मीच मारून घेतला.

तिथे एक सेविका होती. वर्ध्याकडची. नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून आलेली, राहायला धायरीला, दोन बस बदलून यायची. आवाज खणखणीत, आणि सगळ्यांना 'आजी, आजोबा' करत फिरणारी. पहिल्या महिन्यात आई घरी येऊन तिच्याबद्दल बोलायला लागली. बाईंनी आज असं केलं, बाई आज असं म्हणाल्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी रोज रात्री भाकरी थापता थापता ऐकायची. आणि एका संध्याकाळी, मी दार जरा जोरात लावल्यावर, माझी आई, जिने माझ्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ तपासले, ती मला म्हणाली, "काहून चिडतेस?" काहून! त्या बाईचा शब्द! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकदा अर्धी रजा टाकून मी तिला आणायला लवकर गेले. खिडकीतूनच दिसलं. आई खुर्चीत बसलेली, ती बाई मागे उभी राहून तिच्या डोक्याला तेल लावत होती आणि आई सांगत होती, खडकीला वडिलांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये ती चोरून सायकल कशी शिकली, ब्रेक न लागल्यामुळे मोठ्या साहेबांच्या फाटकावर कशी आदळली आणि घरी सांगताना दोष कुत्र्यावर कसा ढकलला. सांगताना मान मागे टाकून हसत होती. माझ्या आईला सायकल येते हे मला माहीत नव्हतं. तिच्या पोटी जन्म घेतला, इतकी वर्षं एका घरात काढली, आणि ही गोष्ट वर्ध्याच्या बाईला! मी खिडकीशी पाच मिनिटं उभी राहिले आणि अक्षरशः जळले. तेल तर मीही लावून दिलं असतं. पण मला कोणी म्हटलं नव्हतं, लाव म्हणून.

मग आईचा तो रुमाल सापडला. धुवायला टाकताना गाठ लागली, सोडली तर आत बुंदीचे चार दाणे. तुपकट, केशरी. यंत्रावर त्या दिवशी आकडाही चढलेला. आईला विचारायला हवं होतं, इतकी साधी गोष्ट. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं, मला निमित्त हवं होतं आणि ते आयतं हातात पडलं.

ऑफिसात तेव्हा नुकता कॉम्प्युटर आला होता. सगळे घरी गेल्यावर मी बसले आणि आयुष्यातली उत्तम तक्रार लिहिली. विषय, संदर्भ, सोबत जोडलेले कागद. 'मधुमेही वृद्धेस हेतुपुरस्सर गोड पदार्थ खाऊ घालून जिवाशी खेळ.' हेतुपुरस्सर हा शब्द मी दोनदा वाचला आणि तसाच ठेवला. साध्या अर्जाचं काय होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून तो थेट तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवला. निवृत्त न्यायाधीश होते, ऑफिसात सगळे त्यांना लोकपाल म्हणायचे. शिवाय माहितीसाठी प्रती तीन ठिकाणी, म्हणजे दाबायची म्हटली तरी दाबता येऊ नये.

आठवड्यात त्या बाईला सांगण्यात आलं, निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका. दोष सिद्ध झाला तर नोकरी कायमची जाणार होती. मला आनंद झाला. झाला, लपवून काय करू? तो जेमतेम दोन दिवस टिकला. आईने केंद्रावर जाणं बंद केलं. खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. मी तेलाची वाटी कोमट करून नेली, तर म्हणाली, नको, आज डोकं जड आहे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. रविवारच्या फोनवरही हसली नाही.

चौकशीला लोकपाल साहेब स्वतः केंद्रात आले. एकेकाला आत बोलावून जबाब घेतले. आईला नेलं तेव्हा मला म्हणाले, आपण बाहेर थांबावं. बाहेरच्या बाकावर दुसऱ्या टोकाला ती बाई बसली होती, पदर घट्ट लपेटून. तिने माझ्याकडे पाहून नमस्कार केला. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले. आई बाहेर आली आणि नुसतं 'चल' म्हणाली.

निकाल रजिस्टर्ड पोस्टाने आला. सही करून घेतला आणि आधी शेवटचं पान उघडलं. 'तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. खाली, तीस दिवसांत अपील करता येईल. मग मी मागची पानं चाळली आणि आईचा जबाब सापडला. 'लाडू मी घरातून नेला. माझ्या मुलीने केलेला होता. सेविकेचा यात काही संबंध नाही.' खाली आईची सही, थरथरती पण स्वच्छ.

माझ्या मुलीने केलेला! आमच्या घरात बुंदीचा झारासुद्धा नव्हता. माझी आई खोटं बोलली होती, आणि तेही लेखी. हीच ती आई, जिच्याकडे मी चौथीत असताना गृहपाठ झाला नाही म्हणून तब्येतीची चिठ्ठी मागितली, तर तिने लिहून दिलं होतं, 'मुलीने आळसामुळे गृहपाठ केला नाही.' माझ्यासाठी चिठ्ठीभर खोटं बोलवलं नाही, आणि त्या बाईसाठी न्यायाधीशापुढे! रागाच्या भरात मी अपिलाचा मसुदा केला. झाऱ्याचा मुद्दा त्यात पहिलाच होता. तो सिद्ध झाला असता तर बाईची नोकरी गेली असती आणि आई खोटी ठरली असती, हे दोन्ही मला लिहिताना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बिनसाखरेचा चहा घेत होती. टेबलावर मसुदा होता. तिने वाचला असावा.

"अपील करणार आहेस?"

मी म्हटलं, तू खोटं बोललीस, आई. ती हो म्हणाली, सरळ. त्या बाईची मुलगी दहावी पास झाली, त्याचे लाडू होते. सगळ्यांना वाटले, आईला वगळलं. हिने मागितला. ताई, म्हणजे मी, रागावतील म्हणून ती देईना. हिने फारच हट्ट केला तेव्हा अर्धा दिला.

इतके महिने पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "तिच्यासाठी खोटं बोललीस. माझ्यासाठी कधी बोललीस का गं?"

आईने कप खाली ठेवला.

"तिच्यासाठी? त्या साहेबांनी मला विचारलं, आजी, लाडू खावासा वाटला तर मुलीकडे का नाही मागितलात? काय सांगणार होते मी त्यांना?"

ती उठली, कप विसळला आणि चपला शोधायला लागली. केंद्र दहाला उघडायचं.

मी तिला सोडायला गेले. ती बाई दारातच उभी होती, त्याच दिवशी पुन्हा कामावर आलेली. आईने माझा हात सोडला आणि तिचा धरला. मला जळजळ झालीच, नाही कशाला म्हणू. आत जाता जाता आई तिला काहीतरी सांगायला लागली होती, ते मला ऐकू आलं नाही.

ऑफिसातून येताना वाट वाकडी करून मी भांड्यांच्या दुकानात गेले आणि बुंदीचा झारा घेतला.