सड्यावरचा मासा

आमच्या साखरखेर्ड्यात मासा म्हणजे तळ्यातला, वीतभर. त्यामुळे रत्नागिरीकडे बैलगाडीपेक्षा लांब मासा दगडात कोरलेला पाहिला, तेव्हा मी आधी चपला काढल्या.

टोपलीभर गावरान आंबे बाजारात विकून मी धंद्याला लागलो. पुढं दर उन्हाळ्यात हापूस घ्यायला थेट कोकणात जायचो, एकाच बागायतदाराकडे. दिवसभर आम्ही भावावरून भांडायचो. संध्याकाळी तो मला बागेमागच्या जांभ्या दगडाच्या सपाट माळावर न्यायचा. सडा म्हणतात त्याला. ऊन तिरपं झालं की कोरलेल्या रेषांत सावली भरायची आणि मासा उठून दिसायचा. शेजारी पाय फाकवून उभा माणूस, आणि एक जनावर.

"पांडवांनी एका रात्रीत कोरलं," तो म्हणायचा.

"पांडवायले दुसरं काम नव्हतं काय? अन् हे डुक्कर आहे."

"हत्ती आहे, वऱ्हाडी! तुम्ही हत्ती बघितलाय कधी?"

शहरातले अभ्यासक म्हणायचे, ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची. आम्ही त्या चित्रांच्याच बाजूला बसून कोकम सरबत प्यायचो. आयुष्यात मी बिनकामाचा बसलो तो तिथंच.

एका वर्षी त्याला सड्यासाठी गिऱ्हाईक आलं, बांधकामाला जांभ्याचे चिरे कापून विकणारा खाणवाला. बागेला पाणी आणायला पैसा हवा म्हणून बागायतदाराला विकायची घाई.

"सौद्याला तुम्ही बसा. तुमच्यासारखं तोंड आमच्यात कुणाला नाही."

बसलो. भाव असा चढवला की हा ओटीवर बसून गालात हसत होता. मग मी म्हणालो, माशाचा तुकडा सोडून. ज्या मालाचा दुसरा नग नाही, तो पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो.

"मधे मासा ठेवून चिरा काढू कसा?" खाणवाला उठला आणि गाडीत बसून निघून गेला.

"आता बागेला पाणी कुठनं आणू? माशाच्या तोंडातनं?"

"दुसरा येईन."

"जमीन माझी. तुम्ही कोण?"

एवढ्या वर्षांनी मी कोण! मी रिकामा ट्रक घेऊन परतलो. त्यानं माल दुसऱ्याला दिला. मी फोन केला नाही, त्यानंही नाही. मी बरोबर होतो, आजही तेच म्हणतो. पण एप्रिल लागला की दुकानात माझं मन लागत नाही.

परवा भाचा कोकण फिरून आला. "मामा, तो मासा पाह्यला. कुंपण घातलंय आता. मालक स्वतः दाखवते. सांगते, खाणवाला आल्ता, मी हाकलून लावला."

"कोणं? त्यानं?"

"हाव. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या."

मी इतका ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग भाच्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. फोटोत तोच होता. केस पांढरे झालेले, हातात काठी.

"बागेत पाणी दिसलं काय?"

"बाग कोणती, मामा? दगड पाह्यले अन् निंघालो."

"एवढ्या लांब गेलास बे, अन् झाडं नाही पाह्यली?"

फोटो मोठा केला. त्याच्या मागं आंब्याची कलमं होती, पण धूसर. पानं हिरवी होती की वाळलेली, कळेना.