आत्याने नाकारलेली शिक्षा

मला राग आला की गोदाआत्या जिथे असेल तिथे खाली बसायची. बाजार असो, लग्नाचा मांडव असो, जागा ओली असो की धुळीची. पदर डोक्यावर सारखा करायची, गुडघ्यांना हातांची मिठी घालायची आणि समोर बघत राहायची. मी किंचाळायचे, हाताला लागेल ते फेकायचे, कधी तिच्याच दंडाला चावायचे. ती म्हणायची, "होऊ दे बाई तुहं. मी बसून राहिली."

पहिल्यांदा ती अशी बसली ती सौंसरच्या बसथांब्यावर, बाबा मला तिच्याकडे सोडायला आले तेव्हा. मला जन्म देऊन आई गेली होती. बाबांचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांसमोर मी काय करीन याचा त्यांना धाक बसला होता. त्या दिवशी माझी पिशवी मी उतरवायच्या आत कंडक्टरने उतरवली, एवढ्यावरून मी रस्त्यात लोळण घेतली. भोवती ही गर्दी जमली. बाबा शरमेने लाल झाले. आणि ही अनोळखी विधवा बाई, माझ्या बाबांची थोरली बहीण, माझ्या शेजारी धुळीत खाली बसली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "झालं? चाल, भाकर निवून राहिली."

बाबांनी जाताना तिला स्पष्ट सांगितलं. "अक्का, पोरीला डोकं आहे. न शिकवता वाचायला लागली. दुकानात माझ्या समोर बसून उलटी अक्षरं वाचते. पण शाळेने काढून टाकली. इथल्या शाळेतही टिकली नाही, तर पुन्हा शाळेचं नाव नाही. घरात बसेल, वय झालं की उजवून टाकू." आत्याला अक्षर ओळखीचं नव्हतं. शाळेच्या पायरीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता. मी शिकावं, खूप शिकावं, हे त्या दिवसापासून तिचं एकमेव मागणं होऊन बसलं.

आळीतल्या बायांना माझ्या रागाचं कारण केव्हाच कळलं होतं. "पोट्टीले बाहेरचं लागलं, गोदाबाई. जामसांवलीच्या मारुतीले ने." आत्याने नेलं. ती भाविक होती, मारुतीवर तिचा फार जीव. देवळात कोणी घुमत होतं, कोणी भिंतीला टेकून रडत होतं, उदबत्तीच्या धुरात सगळं हळूहळू हलत असल्यासारखं दिसत होतं. आत्या हात जोडून मोठ्यांदा म्हणाली, "मारुतीराया, इच्या अंगात दुसरं कोनी नाही. जे हाय ते इचंच हाय. मले तेवढा दम दे." आणि नारळ फोडून मला घरी घेऊन आली.

औषध म्हणाल तर तिचं एकच. माझे डोळे फिरायला लागले की विचारायची, "कुठं आला? डोक्यात का हातात?" बहुतेक वेळा हातातच यायचा. मग ती कापसाची टोपली पुढे सरकवायची. बोंडातून सरकी सोडवायची, कापूस पिंजायचा. मऊ कापसात बोटं रुतत जायची आणि कुठल्या क्षणी राग उतरला ते कळायचंही नाही. कधी उतरायचा नाही. मग टोपलीच अंगणभर! आत्या कापूस वेचत म्हणायची, "आज जास्तच होता वाट्टे."

रामाकोन्याच्या वाटेला तिचा लहानसा संत्र्याचा बगीचा होता. आंबिया बहार आला की तिथली हवा गोड आणि जड व्हायची. पांढरी फुलं आत्याच्या केसांत, माझ्या फ्रॉकवर, आळ्यातल्या पाण्यावर पडायची. मी झाडाखाली उताणी पडून ऐकलेलं सगळं म्हणत राहायचे. पाढे, स्तोत्रं, बसचं वेळापत्रक, आत्याचं व्यापाऱ्याशी झालेलं भांडण, दोघांच्या आवाजात. आत्या मुळाशी माती लावता लावता हुंकार द्यायची. मला अजूनही वाटतं, ती दुपार संपलीच नाही. मीच तिथून उठून आले.

आणि मग नागपूर गेलं.

म्हणजे राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशातच राहिलो. मोठी माणसं ओट्यावर बसून हळहळायची. आत्या म्हणाली, "गाव तं जागीच हाय. मंग गेलं कोन?" शाळेत हिंदी आली, हिंदी बोलणारे नवे मुख्याध्यापक, बडे गुरुजी आले आणि भिंतीवर आपल्या राज्याचा नवा नकाशा आला. त्यात मी नागपूर शोधलं. नव्हतं. विसरले असतील म्हणून मी उभी राहून सांगितलं. वर्गातले मास्तर म्हणाले, "ते आता आपलं नाही. बस खाली." मी गेल्याच आठवड्यात बसने जाऊन आले होते हो! माझ्या डोळ्यांदेखत गाव पुसतात आणि मलाच खाली बसवतात? मी तो नकाशा ओढून उभा फाडला.

आत्याला शाळेत बोलावणं गेलं. मी व्हरांड्यात कानांत बोटं घालून भिंतीकडे तोंड करून उभी होते, त्यामुळे आतलं काही ऐकलं नाही. ती बाहेर आली ती ताडताड. माझा हात धरला आणि फाटकाबाहेर पडल्यावरच बोलली. "उद्यापासून शाळा बंद."

ती शाळा बंद करतेय! मला काही उमजेना. पुढचे दिवस बगीच्यातच गेले. ती कामात चुकत होती, एकाच आळ्याला पुन्हा पाणी देत होती. माझ्या दप्तरावर बसलेली धूळ पदराने पुसायची आणि ते परत खुंटीला अडकवायची.

एका सकाळी बडे गुरुजी स्वतः बगीच्यात आले. टोपी हातात, कपाळावर घाम. आत्या खुरपं घेऊनच उभी राहिली.

"बहनजी, मैंने उस दिन भी कहा था," गुरुजी म्हणाले, "ऐसी बच्ची को तो शिक्षा मिलनी ही चाहिए. औरों से ज़्यादा मिलनी चाहिए. मैं स्वयं दूँगा."

"पाहा, पाहा! पुन्हा तेच!" आत्या कडाडली. "कागदच फाटला ना? दुसरा आनून देतो. पोरीच्या अंगाले हात लावून तं दाखवा! नाही शिकली तरी चालन मले!"

गुरुजी बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं, अडाणी बाई मुलीच्या शिकण्यालाच विरोध करते आहे. ते आणखी कळकळीने म्हणाले, "शिक्षा से क्यों डरती हैं आप?" आत्याने खुरपं उगारलं.

आणि मला उलगडलं. बाजाराची हिंदी आत्याला येत होती, पण तिथे शिकण्याला सगळे पढाईच म्हणत. मी नवं हिंदी पुस्तक केव्हाच वाचून काढलं होतं. "अवं आत्या! ते मारन नाही म्हणत. त्याइच्या हिंदीत शिक्षा म्हंजे शिक्षण!" मग गुरुजींकडे वळून मी हिंदीत सांगितलं, की मराठीत शिक्षा म्हणजे दंड.

गुरुजी पोट धरून हसले. आत्या हसली नाही. तिने खुरपं खाली टाकलं. "म्हंजे पोरीले शिकवनार?" एवढं विचारलं आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तिच्या त्या बाजारच्या हिंदीत म्हणाली, "तो फिर दो गुरुजी. खूप दो. पन मारना नहीं."

त्यांनी दिली, भरभरून दिली. मी शिकले. माझा राग काही गेला नाही, पण मी त्याला ओळखायला शिकले. नोकरीनिमित्त गाव सुटलं तरी सुट्टीत येत राहिले.

आत्याच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी होते. खिडकीतून बहाराचा वास येत होता आणि ती मधूनमधून गुंगीत जात होती. मी विचारलं, "आत्या, तेव्हा गुरुजी बगीच्यात आले नसते, तर?"

"नसते आले तं नसते आले."

"माझं शिक्षण राहिलं असतं ना."

"राहिलं असतं," ती म्हणाली. मग माझा हात चाचपडत म्हणाली, "तू तं राहिली असती. हाय तशी."