भिंतीपलीकडचा कॉम्प्युटर

मंडळी, आज दुपारी अण्णांसाठी नवा लॅपटॉप घेऊन मानवतला घरी आलो. अण्णा म्हणजे माझे वडील, रिटायर मास्तर. खोक्यातून काढल्याबरोबर त्यांनी आधी स्टिकर पाहिलं. "आरं, हा तर बबनच्या कंपनीचा प्रोसेसर!"

प्रोसेसर बनवणाऱ्या त्या दोन कंपन्यांची खुन्नस आठवते का तुमाला? तेव्हा आमच्या घरी महागड्या कंपनीच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर होता, शेजारच्या बबनकाकांकडं दुसऱ्या कंपनीचा. "कमी पैशात जास्त स्पीड," म्हणून काका अण्णांना लय डिवचायचे. संध्याकाळी गेलेली लाईट आली की दोघं आपापल्या घरात लगेच बटन दाबायचे. ज्याचा आधी चालू होईल तो भिंतीवरून ओरडायचा. हरलेल्याच्या घरी चहा.

आज लॅपटॉप बघता बघता चालू झाला. अण्णा सवयीनं उठले, भिंतीपाशी गेले आणि ओरडले, "बबन, झाला रे चालू!"

पलीकडच्या घराला कुलूप हाय. काका केव्हाच लेकाकडं पुण्याला राहायला गेलेत.

अण्णा परत येऊन लॅपटॉपपुढं बसले. म्हणाले, "लय फास्ट हाय रे. पण आता हरवू कोणाला?"

तुमच्या भिंतीपलीकडं कोण होतं?